पुढच्या तारखांचे अंगठे रद्द करून बर्फाचे यंत्र आठ दिवस थांबवण्याबद्दल

प्रति,
मेहेरबान मामलेदार साहेब,
तालुका मावळ, कचेरी वडगाव.

अर्जदार : महिपती रामजी केदारी, वय अदमासे बेचाळीस, धंदा बर्फाच्या कारखान्यात तेलवाला, राहणार मौजे भाजे.

विषय : लोणावळे येथील हिमगौरी बर्फ कारखान्याचे यंत्र वैशाखाचा भर होण्यापूर्वी आठ दिवस बंद ठेवून साफ करवण्याबद्दल, तसेच अर्जदाराने न केलेल्या कामाखाली असलेले अर्जदाराचेच अंगठे रद्द धरण्याबद्दल.

संदर्भ : गेल्या सोमवारी अर्जदाराने कचेरीच्या ओट्यावर तोंडी केलेली विनंती, व त्यावर "लिहून आण" असा झालेला हुकूम.

महोदय,

वर लिहिलेल्या अर्जदाराचा नम्र अर्ज असा की,

१. अर्जदार चौदा वर्षे सदर कारखान्यात यंत्राला तेल घालतो. तिथला बर्फ आगगाडीच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत, बंगल्यांत आणि हॉटेलांत जातो. बर्फ होतो तो नळांतून फिरणाऱ्या गॅसमुळे. यंत्र गॅसला दाबते, दाबला की तो तापतो. मग त्याला बाहेरच्या नळांतून नेऊन वरून पाणी सोडून निववतात, आणि निवलेला गॅस पुढे जाऊन पाणी गोठवतो. बाहेरच्या नळांवर पाण्याचा खार बसतो. खार जाड झाला की गॅस निवत नाही, आणि निवला नाही की दाब वाढत जातो. हे पौष-माघात खपून जाते, वैशाखात खपत नाही. एवढे यंत्रशास्त्र अर्जात कशाला, असे साहेबांस वाटेल. अर्ज लिहिणारासही वाटले. पण अर्जदार म्हणतो, हे समजल्यावाचून पुढचे सगळे खुळ्याचे बोलणे वाटेल.

२. पूर्वी कारखान्यावर हौशीराम मिस्त्री होते. घटस्थापनेपासून खंडेनवमीपर्यंत ते यंत्र बंद ठेवीत. पाऊस सरलेला असे आणि बर्फाला मागणी बेताची, त्यामुळे मालकही हरकत घेत नसत. त्या आठ-नऊ दिवसांत मिस्त्री नळांवरचा खार तारेच्या ब्रशाने खरवडून काढीत आणि यंत्राच्या हलत्या दांड्याभोवती गॅस अडवणारे दोरीचे पॅकिंग नवे भरीत. खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की यंत्र चालू करून गंधकाची काडी पेटवीत आणि ती एकेका सांध्याभोवती हळूहळू फिरवीत. जिथून गॅस झिरपत असेल तिथे काडीपाशी पांढरा धूर होतो. नसेल तर होत नाही. अर्जदारास ते नेहमी सांगत, "गॅस काय आपल्याला हाळी देऊन येत न्हाई. आपुनच त्याला हुडकायचा." बर्फाच्या लाद्यांवर भुसा टाकणाऱ्या बायका त्या वेळी बाजूला उभ्या असत. मिस्त्री यंत्राला ओवाळतात असे समजून त्या हात जोडीत. मिस्त्रींनी त्यांना कधी खरे सांगितले नाही. त्यांच्या हातून झालेली तेवढी एकच चूक, असे अर्जदाराचे मत आहे. दोन वर्षांपूर्वी मिस्त्री वारले.

३. त्यानंतर नवे कारभारी आले. त्यांनी सण ठेवला आणि काम काढून टाकले. गेल्या खंडेनवमीस यंत्र थांबलेच नाही. नळांना खारासकट हिरवा रंग दिला, यंत्राला झेंडूची माळ घातली, नारळ वाढवला, आणि गंधकाच्या काडीऐवजी ताटात कापूर लावून दाबाच्या काट्याला ओवाळले. सगळ्यांस बरे वाटले. अर्जदारासही बरे वाटले आणि त्याने दोन पेढे खाल्ले. हे लिहू नये असे अर्ज लिहिणाराने सुचवले होते. पण खोटे काहीच नको, ते पुष्कळ झाले आहे, असे म्हणून अर्जदाराने लिहावयास लावले.

४. त्याच दिवशी पाटावर यंत्रापुढे नवे रजिस्टर ठेवले होते. दर शनिवारची एक, अशा पुढल्या दसऱ्यापर्यंतच्या बावन्न ओळी कारकुनाने आधीच सुरेख अक्षरात भरून ठेवल्या होत्या. कारकून म्हणाले की आज यंत्राचे वर्ष सुरू होते, तेव्हा वर्षाचे अंगठे आजच देवासमोर होऊन जाऊ देत. अर्जदारास वाचता येत नाही. हातात गंडा बांधतात तसलाच हा काही विधी असेल असे तो समजला. त्याने हात धुतले, रजिस्टराला हळदकुंकू वाहिले आणि बावन्न अंगठे उठवले. उठवून झाल्यावर नमस्कारही केला. ओळींत काय लिहिले आहे ते त्यास पाच महिन्यांनी कळले. प्रत्येक ओळीत आहे : "गंधकाची काडी फिरवून सर्व सांधे तपासले. सर्व ठीक." आणि येत्या वीस मे रोजीच्या ओळीत जास्तीचे आहे : "नळ साफ केले. पॅकिंग नवे भरले." पौषात विमा कंपनीचे तपासनीस येऊन गेले. त्यांनी रजिस्टर त्या दिवसापर्यंत पाहिले, टापटिपीची तारीफ केली आणि पुढचे पान उलटले नाही.

५. रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, शनिवार तारीख अकरा मार्च रोजी, बर्फाच्या खोलीत भिंतीतून येणाऱ्या नळाच्या सांध्यातून गॅस सुटला. या खोलीला दार एकच. उघडे राहिले तर गारवा जातो म्हणून त्याला बाहेरून आडणा घालतात आणि लाद्या न्यायची गाडी आली की काढतात. आत आठ बायका होत्या, त्यांत अर्जदाराची बायको सारजाबाई. यंत्राच्या आवाजात दार वाजलेले कुणालाही ऐकू आले नाही. अर्जदाराच्या नाकाला वास झोंबला म्हणून तो धावला आणि त्याने आडणा काढला. सात जणी आपल्या पायांनी बाहेर आल्या. आठवी, कान्हे गावची धोंडाबाई, सांध्याच्या अगदी खाली बसली होती. तिला त्या सातांतल्याच सारजाबाई आणि बयाबाईने फरफटत आणले. धोंडाबाईला अजून दिव्याची वात दिसत नाही, नुसता उजेड दिसतो. अर्जदार दर आठवड्याला कान्ह्याला जाऊन येतो. ती त्याला बोल लावत नाही, त्यामुळे त्याला जास्त लागते.

६. कारभाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी अर्जदारास बोलावून अकरा मार्चची ओळ वाचून दाखवली. त्या ओळीप्रमाणे अर्जदाराने त्या सकाळी सर्व सांधे तपासले होते आणि सर्व ठीक होते. "हा अंगठा तुझाच ना?" असे त्यांनी विचारले. अर्जदार म्हणाला, "व्हय, माजाच हाय." धोंडाबाईचे डोळे अर्जदाराच्या गफलतीने गेले असा शेरा रजिस्टरात पडला. त्या शेऱ्याखालीही त्याचा अंगठा मागितला होता, तो मात्र त्याने दिला नाही.

७. तेव्हापासून अर्जदार पॅकिंग मागतो आहे. सामानाच्या कोठारावर सांगतात की जुने पॅकिंग बदलायचे असेल तर रजिस्टरात तशी ओळ हवी. आणि तशी ओळ तर आहे, वीस मेची, खाली अर्जदाराचा अंगठा आहे, म्हणजे पॅकिंग भरून झाले आहे. भरलेल्या ठिकाणी पुन्हा पॅकिंग देण्याचा नियम नाही. अर्जदाराने म्हटले की वीस मे अजून उजाडायचा आहे. त्यावर उत्तर मिळाले की तारखेचे कारकुनास विचार. कारकून म्हणाले की कामाचे मिस्त्रीस विचार. मिस्त्री वारले आहेत हे साहेबांस वर कळवलेच आहे.

८. अर्जदाराने लोणावळ्याच्या बाजारातून स्वतः गंधक आणून काड्या केल्या. गेल्या शनिवारी एक पेटवून सांध्यांभोवती फिरवली, तर तीन ठिकाणी पांढरा धूर झाला, आणि त्यांतले एक ठिकाण बर्फाच्या खोलीच्या भिंतीला लागून आहे. इतक्यात कारकुनाने येऊन काडी विझवली. आजची तपासणी रजिस्टरात झालेली आहे, दोनदा तपासून घोळ करू नये, असे त्यांचे म्हणणे पडले. दाबाचा काटा सध्या दुपारी दोनच्या सुमारास तांबड्या रेघेला टेकतो. अक्षय्यतृतीयेपासून बंगले भरले आहेत आणि यंत्र सकाळपासून पाळी संपेपर्यंत क्षणभर थांबत नाही. ज्या काट्याला कापराने ओवाळले, त्याकडे आता कुणी बघत नाही.

९. तर मग बायकोस कामावरून काढून घरी का ठेवत नाहीस, असे साहेब विचारतील. अर्ज लिहिणारानेही विचारले, व जरा रागाने विचारले. अर्जदाराने तिला दोनदा सांगून पाहिले. तिचे उत्तर जसेच्या तसे लिहावे अशी त्याची इच्छा आहे : "मी न्हाई गेले तर माज्या जागी दुसरी बसंल. ती काय कुणाची कुणीच न्हाई व्हय? तू आदी यंत्र बगायला लाव, मग मी घरी बसते." त्यानंतर अर्जदाराने तो विषय काढलेला नाही. सकाळी दोघे भाज्याहून मळवलीच्या स्टेशनापर्यंत बरोबर चालतात, गाडीने लोणावळ्याला येतात आणि कारखान्याच्या फाटकात वेगळी होतात. ती खोलीत गेली की मागून आडणा पडतो. तो आवाज ऐकल्यावरच अर्जदार तेलाचा डबा घेऊन कामाला लागतो.

१०. सबब अर्जदाराची मागणी अशी :
(अ) बर्फाच्या खोलीचा आडणा आजच्या आज काढावा. बाकीचे होईल तेव्हा होवो, हे पहिले व्हावे.
(ब) यंत्र आठ दिवस थांबवून नळ खरवडावेत, पॅकिंग नवे भरावे आणि गळके सांधे बदलावेत. आठ दिवस बंगल्यांनी माठातले पाणी प्यावे, ते गार असते.
(क) अर्जदाराने न पाहिलेल्या दिवसांचे सर्व अंगठे रद्द समजावेत. धोंडाबाईसंबंधीचा शेरा मात्र चौकशीवाचून रद्द करू नये. दोन पेढे खाऊन काडीची आठवण न करणारा अर्जदारच होता, हे त्यास मान्य आहे.

११. वरीलपैकी काहीच होणे नसेल, तर अर्जदाराची दुसरी विनंती आहे. ती लिहिताना अर्ज लिहिणाराने दोन वेळा लेखणी खाली ठेवली. अर्जदाराने एकाच दिवशी बावन्न खोटे अंगठे दिले आहेत, हा गुन्हा त्याने या अर्जात कबूल केला आहे. त्याबद्दल साहेबांनी त्यास शनिवार तारीख एकोणतीसच्या पहाटे पकडून कोठडीत ठेवावे. याने दोन गोष्टी होतील. एक, या यंत्राला तेल घालणारा दुसरा माणूस कारखान्यात नाही. तेल नसले की तासाभरात दांडा तापतो, आणि कारभाऱ्यांस ते ठाऊक असल्याने यंत्र निमूट बंद करावे लागेल. दोन, त्या शनिवारी अर्जदार वडगावास साहेबांच्या ताब्यात असेल आणि रजिस्टरात लोणावळ्याला सांधे तपासत असेल. मग दोघांपैकी खरा महिपती कोणता, हे साहेबांस समोरासमोर पाहता येईल. अर्जदाराने कधी तुरुंग पाहिलेला नाही व त्यास त्याचे भय वाटते. पण तिथले दार बाहेरून बंद असले तरी आत गॅसचा नळ नसणार, असे तो म्हणतो.

१२. अर्ज पुरा झाल्यावर शाईची गादी पुढे केली असता अर्जदाराने हात मागे घेतला. पुन्हा अंगठा देणार नाही, असे तो म्हणाला. सोमवारपासून रोज पाळी संपल्यावर तो वडगावास येऊन कचेरीबाहेरच्या पिंपळाखाली पाटीवर आपले नाव गिरवत होता, ते यासाठी. या अर्जाखालची सही त्याने स्वतः केली आहे. अक्षर वाकडे आहे आणि शेवटची वेलांटी कागदाच्या कडेला गेली आहे, परंतु ती त्याचीच आहे व अर्ज लिहिणारा तिचा साक्षीदार आहे. म्हणून कचेरीत अशी नोंद व्हावी की आजपासून अर्जदार सही करतो. यापुढील कोणत्याही तारखेच्या ओळीत त्याचा अंगठा दिसेल, तर तो आजच्या आधीचा समजावा आणि त्या दिवशी यंत्र कुणीही पाहिलेले नाही असे धरावे.

आपला नम्र, आणि शनिवारपर्यंत कामावर हजर,

महिपती

मुक्काम वडगाव, गुरुवार, तारीख २७ एप्रिल १९३९.

अर्ज लिहिणार व साक्षीदार : गोपाळ विनायक आगाशे, अर्जनवीस, वडगाव. (अर्जदाराने सांगितले तसे लिहिले. पाटी परत घेतलेली नाही. ती त्याच्याकडेच राहू दिली आहे.)

सोबत जोडलेले :
१. नळावरील खाराचा तुकडा, कागदात बांधून. जाडी बोटाएवढी. एका बाजूस हिरवा रंग आहे.
२. जुन्या पॅकिंगच्या दोरीचा तुकडा. हातात धरताच भुगा होतो, तरी जपून उघडावा.
३. गंधकाच्या काड्या, नग तीन. साहेबांनी स्वतः येऊन फिरवून पाहाव्यात. काड्या चार उरल्या होत्या. चौथी, साहेबांनी पकडले नाही तर, येत्या शनिवारी सकाळी सारजाबाई आत जाण्यापूर्वी खोलीत लावून पाहण्यासाठी अर्जदाराने आपल्याजवळ ठेवली आहे.