साळूबाईच्या वजनाचा ग्राफ

पोलादपूर,
१४ फेब्रुवारी १९८४

प्रिय कालिंदीमावशी,
नमस्कार. तुझी, काकांची तब्येत बरी ना? इथे मी मजेत. दवाखान्यात मी एकटीच इंटर्न, त्यामुळे टीबीचे सगळे पेशंट माझेच! प्रत्येकाचा वजनाचा ग्राफ भिंतीवर लावलाय. वाढलं की मी टाळ्या वाजवते, स्टार काढते. आईला वाटतं, मी इथे कंटाळेन.

तू डोळ्यांची डॉक्टर, म्हणून एक विचारायचंय. टीबीच्या एथाम्ब्युटॉल गोळीने डोळ्यांच्या नसेला सूज आली आणि गोळी लगेच थांबवली, तर नजर पूर्ण परत येते ना? पुस्तकात 'बहुतेक वेळा' लिहिलंय. बहुतेक म्हणजे किती गं?

पेशंट साळूबाई, बाजारात सुक्या मिरच्या विकते. काल आली ती भिंत चाचपतच. मी लाल रिबीन दाखवली, तर म्हणाली, "मातीवानी हाय." केसपेपरवर लिहिलंय, चार दिवसांपासून त्रास.

इथले मोठे डॉक्टर श्रीधर सर म्हणाले, डोस वजनाप्रमाणेच आहे, मग असं कसं? परत वजन करा. ती काट्यावर चढली आणि तिच्या ओच्यातून नदीतला एक गोटा धाडकन खाली पडला. मग दुसरा. एकूण चार निघाले, सहा किलो! ग्राफवर एकेचाळीस आणि बाई पस्तीस किलोची.

"साळूबाई, हे काय केलंत?"

"काय करू गो बाय? वजन नाय वाढला तर तुजा तोंड एवढासा व्हायचा. पोर हिरमुसते म्हनून दर महिन्याला एक घातला."

वर हसली. रागावली असती तर बरं झालं असतं.

त्याच खोट्या वजनावर अर्धी गोळी वाढवली होती. सरांनी सही केली, पण सुचवलं मीच. काल गोळी बंद केली. सर म्हणाले, तुझी चूक नाही, पेशंटने फसवलं. मी मान हलवली.

मावशी, चार दिवस नाहीत. तीन आठवडे झाले. तेव्हाच ती म्हणाली होती, "बाय, मिरच्या मळकट दिसतात गो." मी म्हटलं, "वय झालं, चष्मा लागेल. पण गोळ्या सोडायच्या नाहीत हं!" एक दिवसही चुकवली नाही तिने. काल केसपेपरवर 'चार दिवस' मीच लिहिलं; ती समोरच बसली होती, पण तिला वाचता येत नाही.

किती उशीर झाला, यावरच सगळं अवलंबून असतं ना?

उद्या सकाळच्या एसटीने तिला घेऊन पुण्याला येते; हे पत्र आज रात्रीच्या गाडीच्या कंडक्टरकडे देतेय, म्हणजे आधी पोचेल. माझ्या कागदावर विश्वास ठेवू नकोस. तिच्यादेखत मला विचार, कधीपासून. तिला ऐकू जाईल असं मोठ्याने सांगेन. लाज वाटून थांबले, तर पुन्हा विचार.

तुझी, आणि तिच्या बाबतीत चुकलेली,
अनुपमा