साहेबांच्या कोटावरची मांजर

तीर्थस्वरूप वहिनी,

तुमच्या धाकट्या नणंदेचा वाकून नमस्कार. (वाकणं आता पत्रातच जमतं. प्रत्यक्षात वाकले तर सरळ करायला शेजारच्या शिंप्याला हाक मारावी लागते, आणि तो येताना इस्त्री घेऊन येतो.) तुमचा गुडघा काय म्हणतो? दादाचा खोकला गेला, की अजून दुसऱ्यांच्या बोलण्यात मध्येच येतो? माझी तब्येत ठणठणीत आहे. दुकानही बरं चाललंय. लोकांची पोटं वाढतात आणि बटणं तुटतात, त्यामुळे माझ्या धंद्याला मरण नाही. तुमची आठवण रोज येते हे लिहायची रीत आहे म्हणून लिहीत नाही, खरंच येते. विशेषतः गेल्या आठवड्यापासून.

वहिनी, मी आयुष्यभर बटणं विकली. शिंपल्याची, शिंगाची, पितळेची, कापड चढवलेली. गोल वस्तू बघून माझ्या काळजाचा ठोका चुकेल असं मला कधी वाटलं नव्हतं. पण तसं झालंय, आणि ते कुणाला तरी सविस्तर सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. शिंप्याला सांगून झालं. तो ऐकता ऐकता माझंच माप घ्यायला लागला.

झालं असं, की हिवाळ्याच्या तोंडावर एक ठेकेदार दुकानात आला. जुन्या इमारती पाडणं हा त्याचा धंदा. (अतिशय हळुवार माणूस. दुकानाचं दार इतकं जपून लावतो, की तो दिवसभर भिंती पाडतो हे कुणाला खरं वाटणार नाही.) त्याने गल्ल्यासमोर एक पोतं ठेवलं आणि म्हणाला, "बाई, तुम्ही बटणवाल्या. ही घ्या. भोकं तेवढी पाडायची राहिलीत." गोदीच्या मागच्या गल्लीत तो एक दुमजली इमारत उतरवत होता. खालच्या मजल्याच्या भिंतीवर पहिला घाव बसला आणि भिंतीतून ही चकत्यांची धार लागली. त्याला वाटलं, पूर्वी इथे बटणांचा कारखाना असणार.

मलाही तेच वाटलं. लाल, हिरव्या, निळ्या, भाजलेल्या मातीसारख्या चकत्या. हातात घेतल्या की आधी गार लागायच्या आणि मग माणसाच्या हातासारख्या ऊबदार व्हायच्या. नाव नाही, आकडा नाही. दोन्ही बाजूंना फक्त एक मांजर, आणि त्या मांजरीने एक डोळा मिचकावलेला. मी विचार केला, कोटाला काय झकास दिसतील! आणि मी, वहिनी, माझं ते हातमशीन काढलं आणि मांजरीच्या तोंडावर चार-चार भोकं पाडत बसले. त्या वेळी मी गुणगुणतसुद्धा होते. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

मग एक दिवस दातांचे डॉक्टर आले. त्यांच्या पांढऱ्या डगल्याचं बटण एका पेशंटने भीतीने उपटलं होतं. मी बटण शोधतेय तोवर त्यांची नजर काचेवरच्या तबकात गेली आणि तिथेच अडकली. खिशातून त्यांनी तोंडात घालायचा तो इवलासा आरसा काढला, चकतीच्या कडेखाली धरला, मागून बघितलं, पुढून बघितलं. (तिला 'आ' करायला सांगतात की काय असं मला वाटलं.) मग माझ्याकडे वळून, पेशंटला 'गोड फार खाता का' विचारतात त्या सुरात म्हणाले, "बाई, ही भोकं तुम्ही पाडलीत?"

मी अभिमानाने हो म्हटलं. डॉक्टर स्टुलावर बसले. स्टुलावर धाग्याची रिळं होती, त्यांच्यावरच बसले.

त्यांनी जे सांगितलं ते असं. या चकत्यांना चिप म्हणतात. (मीही तुमच्यासारखीच आधी बटाट्याचा विचार केला.) जुगाराच्या टेबलावर पैशाऐवजी या मांडतात. परवान्याच्या, झगमगाटी ठिकाणांच्या चिपा कुणालाही मिळतात. पण चोरून चालणारे जे जुने अड्डे होते, त्यांच्या चिपा म्हणजे दुर्मीळ चीज, कारण अड्डेवाले त्यांवर नाव छापतच नसत, नुसती खूण. आणि पोलीस आले की आधी नाहीशी व्हायची ती चिप. डॉक्टर तरुणपणापासून त्या जमवतात. बंद पडलेल्या अड्ड्यांतले म्हातारे नोकर शोधून त्यांचे दात फुकट बघतात आणि बोलता बोलता विचारतात, घरी एखादी राहिली असेल का. मांजरीच्या अड्ड्याबद्दल त्यांनी फक्त ऐकलं होतं. एकाही संग्राहकाने ती मांजर पाहिली नव्हती. ती नव्हतीच, सगळ्या थापा, असं त्यांची मित्रमंडळी म्हणायची. आणि ती इथे माझ्या तबकात, इलॅस्टिकच्या शेजारी, डोळा मिचकावत बसली होती. वहिनी, मी त्या माणसाला दाढ उपटताना पाहिलंय, त्याचा हात हलत नाही. त्या दिवशी तो आरसा त्याच्या हातून दोनदा तबकात पडला.

त्यांनी विचारलं, भोकं पाडलेल्या कुठे गेल्या? मी सांगितलं, बऱ्याचशा एका हिरव्या जाड कोटावर लागल्या, शेजारच्या शिंप्यानेच शिवला, रस्त्याच्या टोकाला राहणाऱ्या निवृत्त पोलीस साहेबांसाठी. डॉक्टरांनी तोंडावर हात ठेवला. म्हणाले, "टाइपरायटर साहेब?"

हे नाव मी ऐकलं होतं, कारण माहीत नव्हतं. ते डॉक्टरांनी सांगितलं. मांजरीचा अड्डा त्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर होता आणि दाराबाहेर पाटी होती टायपिंगच्या क्लासची. साहेब तेव्हा तरुण अधिकारी. आत जुगार चालतो अशी त्यांची खात्री होती. ते पुन्हा पुन्हा छापे घालायचे, आणि दर वेळी आत काय दिसावं? उंची सूट घातलेले, अंगठ्या घातलेले, घामाघूम झालेले गृहस्थ ओळीने बसून दोन बोटांनी अर्ज टाइप करतायत! पत्ता नाही, फासा नाही, चिप नाही. पत्ते कुणाच्याही घरात सापडतात, जाळताही येतात. पण एक चिप जरी सापडली असती, तरी साहेब जिंकले असते. तिच्यावर मांजर असते एवढं खबऱ्यांनी सांगितलं होतं, पण ती कधीच सापडली नाही. खात्यात हसं झालं. कुणीतरी त्यांच्या टेबलावर टाइपरायटरची रिबन गिफ्टचा कागद लावून ठेवली. बढतीच्या वेळी नाव मागे पडलं. आणि आता तीच चिप त्यांच्या पोटावर, वरपासून खालपर्यंत शिवलेली होती.

आम्ही दोघं गेलो. डॉक्टरांना कोट हवा होता आणि मला... मला काय हवं होतं कोण जाणे. साहेबांचं घर म्हणजे काय सांगू! चपला उंचीप्रमाणे लावलेल्या, भिंतीवरचे फोटो पातळी लावून टांगल्यासारखे. साहेब घरातसुद्धा कोट घालून बसले होते. मी म्हटलं, बटणं जरा सदोष निघालीत, बदलून देते. ते म्हणाले, "काय दोष आहे?" मी म्हटलं, सैल आहेत. "बटण सैल नसतं, बाई. दोरा सैल असतो." इतकं म्हणून ते माझ्याकडे असे बघायला लागले, की न केलेले गुन्हेही मी कबूल केले असते. तेवढ्यात डॉक्टरांच्या तोंडून 'मांजर' हा शब्द निसटला.

साहेबांनी खाली पाहिलं. आपल्याच कोटाचं बटण आपल्याला उलटं दिसतं ना, त्यांना इतके दिवस ते फूल वाटत होतं. त्यांनी कोट काढला, मांडीवर फिरवून घेतला आणि सुलटा पाहिला. मग साहेबांनी आत हाक मारली, "अगं, जरा बाहेर ये."

त्यांच्या पत्नी आल्या. (या बाई इतकी वर्षं नातेवाइकांना समजावत आल्या, की ह्यांना कामाचा ताण होता, ह्यांना नसलेले आवाज ऐकू यायचे. प्रेमापोटीच सांगायच्या.) साहेबांनी नुसतं बटणावर बोट ठेवलं. बाईंनी चष्मा लावून पाहिलं, हात पुसला, मग हळूच त्या मांजरीवरून बोट फिरवलं. म्हणाल्या, "ही ती?" साहेब म्हणाले, "ही ती."

आम्हाला चहा मिळाला नाही. सगळे तडक इमारतीकडे निघालो.

वहिनी, इथून पुढचं मला नीट लिहिता येईल की नाही ठाऊक नाही. ठेकेदाराने आम्हाला खालच्या मजल्यावर नेलं. परवानगीपायी काम मध्येच अडलं होतं, त्यामुळे भिंतीचं भगदाड तसंच होतं, वर-खाली लांब उभं, आणि त्याच्या आत जे उरलं होतं त्यात थर दिसत होते. खाली लाल, त्यावर हिरवा, मग निळा, मग पुन्हा लाल, थोडा वेगळा लाल. जमिनीत खोदल्यावर मातीचे दिसतात तसे. डॉक्टर गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी उलगडून सांगितलं. वर छापा पडला की टेबलावरचा सगळा संच भिंतीच्या पोटात जायचा. तो परत काढायची सोयच नव्हती, कारण खाली परक्याचं दुकान. मालक दर वेळी नवा संच घडवायचा, नव्या रंगाचा. म्हणजे हा एकेक थर म्हणजे एकेक छापा! साहेब त्या भगदाडासमोर काठी टेकून उभे राहिले आणि तळाच्या लाल थराकडे बोट करून म्हणाले, "हा माझा पहिला." मग हिरव्याकडे, "या वेळी मी जिन्यात पडलो होतो." ते वर वर वाचत गेले. त्यांची सगळी नोकरी त्या भिंतीत जपून ठेवलेली होती, वहिनी, आणि ती ठेवली होती चोरांनी.

वरची खोली अजून उभी होती. टायपिंगची टेबलं गेली होती, पण एका भिंतीवर 'शांतता राखा' अशी चौकटीतली पाटी होती, तिरकी. साहेब सवयीने पुढे झाले आणि सरळ करायला गेले, आणि हात तसाच राहिला. "ही दर वेळी तिरकी असायची," ते म्हणाले. "दर वेळी मी सरळ करायचो." डॉक्टरांनी पाटी उचलली. मागे भिंतीत टपालपेटीला असते तशी फट होती, कडा चिपांनी घासून गुळगुळीत झालेली. गुन्ह्याच्या तोंडावरचं झाकण साहेब दर वेळी स्वतःच्या हाताने नीट बसवून घरी जात होते. मला वाटलं आता ते रागावतील, निदान रडतील. ते हसायला लागले. असे हसले, की ठेकेदार खांब धरून उभा राहिला. (इमारत पडायची असेल तर ती आपल्या हातून पडावी असा त्याचा आग्रह असतो.)

मग साहेबांनी बाईंना खाली भगदाडापाशी उभं राहायला सांगितलं. माझ्याकडून मूठभर चिपा मागून घेतल्या आणि फटीत सोडल्या. भिंतीतून गारांच्या सरीसारखा आवाज उतरत गेला. जिना चढताना दर वेळी साहेबांनी हाच आवाज ऐकला होता आणि दर वेळी त्यांना सांगण्यात आलं होतं, की सांडपाण्याचा नळ आहे. मग बाई जिना चढून वर आल्या, दम लागलेला, मुठीत एक निळी मांजर.

"नळ नव्हता हो," त्या म्हणाल्या.

"पण तेव्हाच भिंत का नाही बघितलीत?" मी न राहवून साहेबांना विचारलं.

"भिंतीकडे कोण बघतं? मी माणसांकडे बघत होतो."

डॉक्टरांनी नंतर कोट मागितला. माझ्यासमोर, अगदी हात जोडून. साहेबांनी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी भर उन्हात ते कोट घालून निवृत्त अधिकाऱ्यांच्या बैठकीला गेले, जिथे रिबनवाला गृहस्थही येतो. काय बोलणं झालं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. परत येताना दुकानात डोकावले आणि एवढंच म्हणाले, "हसले नाहीत." मग त्यांनी बाह्यांवर लावायला आणखी मांजरी मागितल्या. मी दिल्या. आता डॉक्टर, मी आणि साहेब मिळून संग्राहक झालो आहोत. डॉक्टर म्हातारे शोधतात, साहेब जुन्या अड्ड्यांचे पत्ते आठवतात, आणि मी वस्तू पुसते. दुकानातली शिंपल्याची बटणं खोक्यात गेली, त्यांच्या खणांत आता चिपा आहेत. संध्याकाळी एकेक खण उघडून बघत बसते. या एवढ्याशा मातीसमोर कुणाकुणाचे हात थरथरले असतील, आणि ती मात्र डोळा मिचकावून गप्प राहिली. मला फार नवल वाटतं हो.

दादाला नमस्कार, मुलांना आशीर्वाद, गुडघ्याला तेल.

तुमची नणंद

ता. क. पत्राचं खरं कारण राहूनच गेलं. हिवाळ्यात मी तुम्हाला राखाडी स्वेटर पाठवला होता. त्याची पिवळी बटणं पाठवून द्याल का? पोत्यात पिवळ्या मोजक्याच होत्या, सगळ्या तुमच्या अंगावर गेल्या. डॉक्टर म्हणतात, पिवळी फक्त मालकासमोर असायची. ती कुणी जिंकलीच तर मालक उठून उभा राहायचा. सोबतच्या पुडीत प्लॅस्टिकची पिवळी बटणं ठेवली आहेत. दिसायला जवळपास तीच. मांजर नाही, पण तुम्हाला मांजरी कुठे आवडतात!

ता. क. २. तो स्वेटर तुम्ही एकदाही घातलेला नाही हे मला दादाकडून कळलंय. त्याबद्दल मनापासून आभार.

ता. क. ३. साहेबांना पिवळ्यांचं सांगितलेलं नाही. डॉक्टरांनाही नाही. पाकिटावर 'गुडघ्याचं औषध' असं लिहा.