जिन्यावरची सुकट

सापगावच्या मामांना,
विलायतेच्या थंडीतून गरमागरम जयभीम.

"संघरत्ना एकटी पडली तर सांग, पोरीला परत बोलावतो," असं तुमी शहापूरच्या बूथवरनं फोनवर बोललात. मी एका कामावर टिकत नाय हे तुमाला ठाऊक. पण तिच्या कॉलेजातली ताटं धुतोय ती तिच्यावर लक्ष राहावं म्हणूनच.

खरं सांगू? दोन महिने ती एकटीच होती. वर्गातली पोरं टेबलावर हसत जेवायची आणि ही डबा घेऊन मागच्या जिन्यावर थंडीत बसायची. डब्यात मामीनं म्हशाच्या जत्रेतनं घेऊन दिलेली सुकट. "वास येतो रे दादा, लोक नाक दाबतात," म्हणाली. मी म्हटलं, "मग नको आणूस." तर माझ्यावरच खेकसली, "मग खाऊ काय, तुझं डोकं?"

आज कचरा टाकायला मागं गेलो तर जिन्यावर दोघी. दुसरी कोरियाची, तिच्याच वर्गातली. वासावरनं आली म्हणे. तिची आईपण घरनं सुकी मासळी पाठवते, ती ही पोरगी खोलीचं दार लावून खायची. आता एका डब्यात दोघींचे हात. संघरत्ना तिला भाकरी मोडायला शिकवत होती आणि इतकी हसत होती, की मी पिशवी घेऊन तसाच माघारी फिरलो.

हे पत्र टाकणार नाय. तुमी अर्धंच वाचून तिला बोलावून घ्याल. पुढच्या फोनला एवढंच सांगीन, मामा, सुकट संपली. या टायमाला दोघींपुरती पाठवा.

तुमचा भाचा,
नऱ्या