समन्स दाराला, मला नाही

२० फेब्रुवारी १९४८, सातारा.
लेक उमाची लग्नाची सुपारी ११ मार्चला ठरली. कोरेगावची माणसं तालेवार, म्हणून नवी टोपी बघायला इमामभाईच्या दुकानात गेलो. काळी मखमली घालून पाहिली. गर्दी फार. विचारांच्या नादात घरी आलो, तो डोक्यावर तीच! जुनी दुकानात राहिली. म्हणजे अदलाबदल झाली. परत जाऊन सांगणार होतो, पण ऊन होतं.

२६ फेब्रुवारी.
जुन्या टोपीच्या अस्तरावर माझं नाव, पेठेसकट, माझ्याच अक्षरात. त्यावरून इमामभाईने फिर्याद ठोकली. हवालदार समन्स घेऊन आला. कलम ३७९, म्हणजे चोरी! मी माजघरात. बायकोला, चारुशीलेला, म्हटलं, सांग गावाला गेलेत. कायदा मला ठाऊक आहे. सहा महिने वकिलाच्या माडीखाली राहिलोय. हाती घेतलं नाही की समन्स लागू होत नाही.

२८ फेब्रुवारी.
दोन पंच बोलावून दाराला चिकटवलं. चार मार्चला हजर व्हा म्हणे. दाराला चिकटवलेलं समन्स दाराला लागू, मला नाही. पण सगळी गल्ली वाचून जाते. कोरेगावला कळलं तर उमाचं लग्न मोडेल. जीव थाऱ्यावर नाही. निर्णय: सांगली. तिथे संस्थान, सातारच्या कोर्टाचं काही चालत नाही.

१ मार्च, सांगली.
मावसभाऊ तात्याबाकडे उतरलो. कारण सांगितलं, हवापालट. अगदी निर्धास्त आहे. दिवसातून चार वेळा स्टेशनवर जातो, कोणी खाकीतला उतरतो का बघायला.

४ मार्च.
आज तारीख. मी नदीकाठी फिरलो, पाच वेळा. घरून पाकीट आलं. अक्षर चारुशीलेचं, पण फोडलं नाही. पाकिटात घालून समन्स पाठवायच्या युक्त्या मी ओळखतो.

६ मार्च.
तात्याबाने न विचारता फोडलं आणि वाचलं. इमामभाई स्वतः घरी येऊन टोपी घेऊन गेला. म्हणाला, पोरीच्या सुपारीत तमाशा नको, चारला दोघं कोर्टात उभं राहू अन् मिटवू. तात्याबा म्हणाला, लय शाना हायस गड्या. कौतुकच म्हणायचं. आता तिकडे वॉरंट निघालं असणार. संस्थान आहे तोवर भीती नाही.

८ मार्च.
संस्थान नाही. आज मुंबई इलाख्यात विलीन झालं. महिनाभर पेपरात येत होतं म्हणे. मी फक्त कोर्टाच्या बातम्या बघत होतो. तात्याबाने पेढा दिला. खाल्ला.

१० मार्च.
उद्या सुपारी. काय व्हायचं ते होवो, सातारला निघालो. स्टेशनवर पोचलो आणि गाडीतून खाकीवाला उतरला, वॉरंट घेऊन. रोज चार वेळा बघायला यायचो, खाकीतला उतरला तो आजच.

११ मार्च, सातारा.
सकाळपासून कोर्टाच्या बाकावर. इमामभाईही बिचारा दुकान बंद करून आलाय. साहेब दुपारी बसणार.
मेहुणा कोंडीबा सुपारी उरकून इकडे आला. मुलीच्या बापाच्या जागी तोच बसला होता. कोरेगावकरांनी विचारलं, वडील कुठं हायत? तेव्हा उमाच म्हणाली, आबा सांगलीला गेल्यात, लय मोठं काम हाय त्यांचं. दारावरचा कागद तिने केव्हाच वाचला होता. कोंडीबा म्हणाला, बोलताना पोरीची मान खाली व्हती.
मला रडू आलं. कोंडीबा गेल्यावर हवालदाराने विचारलं, आवं, कुणाची सुपारी व्हती?
म्हटलं, ओळखीतल्यांची.