नाहीच्या पेटीचा तळ

मी, खाली सही करणारा, धंदा सुतारकाम, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, राहणार टाउन हॉलमागच्या गल्लीतलं शेवटचं घर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दबावाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी कालच दिला. गुडघ्यांबद्दल त्यांनी काही लिहून दिलेलं नाही. वकीलबाई म्हणाल्या, "काका, मुद्द्याचं तेवढं लिहा, दोन पानांत आटपेल." बाई, दोन पानांत आटपणारा मुद्दा असता तर तो सत्तेचाळीस वर्षं पोटात कशाला ठेवला असता? याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही.

एक. माझी हत्यारं, म्हणजे करवती, पटाश्या, गुण्या आणि तिन्ही रंधे, माझ्याबरोबर बावीस वर्षं काम केलेल्या कारागिरणीला द्यावीत. तिन्ही नव्हे, दोन. तिसरा रंधा कोपऱ्यावरच्या बिजागरीवाल्याने एकोणीस वर्षांपूर्वी "उद्या आणून देतो" म्हणून नेला. तो उद्या अजून उगवायचा आहे. तो रंधा मी त्यालाच देतो, म्हणजे माझ्यामागे त्याला कोणी चोर म्हणायला नको. मी म्हणत आलो तेवढं पुरे झालं.

दोन. हे घर, पुढची कामाची जागा आणि मागच्या दोन खोल्या धरून, मी माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला, देतो. मुलगा विचारेल, पोटचा पोरगा असताना आत्याला घर कसं? त्याचं उत्तर पुढच्या कलमात आहे. ते वाचल्याशिवाय त्याने भांडायला उठू नये.

तीन. मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो. त्याआधी आमच्याकडे मत द्यायचं म्हणजे हात वर करायचा. शाळेत, कचेरीत, गोदामात सगळ्यांना उभं करत आणि वरिष्ठ विचारत, "कारभार नेमलेल्या मंडळाकडेच राहावा ना?" की सगळे हात वर. नाक खाजवायला कोणी हात खाली घेतला तर शेजारच्याला घाम फुटायचा. मग कुठून तरी चक्रं फिरली आणि जाहीर झालं की या वेळी मतदान गुप्त होणार. प्रत्येकाला पत्र्याचा एक बिल्ला मिळेल. आडोशामागे दोन पेट्या असतील, एक होयची, एक नाहीची. हव्या त्या पेटीत बिल्ला टाका आणि घरी जा.

आमच्या भागाच्या पेट्या करायचं काम माझ्याकडे आलं. निवडणूक कचेरीतले साहेब स्वतः आले. म्हणाले, "होयच्या पेटीला सागवानी तळ लाव, दोन बोटं जाड. नाहीच्या पेटीला पातळ पत्रा."

मी म्हणालो, "दोन्हीला सारखाच लावू का साहेब? बरं दिसेल."

"सांगितलं तेवढं कर."

मला कळलं नाही असं कोणी समजू नये. लाकडावर बिल्ला पडला तर काय वाजतं आणि पत्र्यावर पडला तर काय वाजतं, हे सुताराला नाही कळणार तर कोणाला? मला तिथल्या तिथे कळलं. बायकोला सातवा महिना होता, सरकारी काम पहिल्यांदाच दारात आलं होतं, आणि मी भित्रा होतो. मी "जी साहेब" म्हणालो आणि पत्रा कापायला घेतला.

मतदानाच्या दिवशी पेटी मोडलीच तर हाताशी असावा म्हणून मला हॉलमध्ये बसवून ठेवलं होतं. आडोशाच्या अलीकडे साहेब यादी घेऊन बसले होते. लोक एकेक करून आत जात, रांग दाराबाहेर. ज्याचा त्याचा आवाज ज्याला त्याला ऐकू यायचा, पण दोन्ही आवाज दिवसभर ऐकणारे आम्ही दोघेच. आतून ठप्प आवाज आला की साहेब नुसते बसून राहत. खण्ण झालं की नावापुढे पेन्सिलीचं टिंब. दुपारी ताईचे यजमान, आमचे भावोजी, आत गेले. ते शाळेत गणित शिकवायचे. मी मनात म्हणत होतो, भावोजी, ठप्प, ठप्प. खण्ण झालं.

संध्याकाळी ते आमच्याकडे आले आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "काय मेहुणे, पेटी झकास केलीत! जन्मात पहिल्यांदा मनासारखं केलं आणि कुणाला पत्ता नाही." त्या दिवशी ते शीळ घालत घरी गेले.

महिन्याभरात आमच्या भागातल्या एकेचाळीस जणांच्या नोकऱ्या गेल्या. भावोजींची शाळा गेली, शाळेने राहायला दिलेली खोली गेली. मी त्यांना माझ्या मागच्या खोल्यांत आणलं. गल्ली म्हणायला लागली, "भाऊ असावा तर असा." माझी मान खाली जायची, लोकांना तो विनय वाटायचा.

हे एवढंच असतं तरी एक वेळ मी ते तसंच बरोबर घेऊन गेलो असतो. पण मतदानाच्या आदल्या दिवशी नळावर ताई शेजारणीला बोलून गेली होती, "आमचे हे काही होय टाकायचे नाहीत." त्यामुळे नोकरी आपल्याच तोंडाने घालवली असं तिने धरलं. भावोजींनी तिला शब्दाने बोल लावला नाही. तिनेच स्वतःला लावला. जिच्या बडबडीला कंटाळून आमची आई कानात बोटं घालायची, ती ताई चारचौघांत बोलेनाशी झाली. कोणी काही विचारलं तर "मला काय कळतंय" म्हणून आत. अकरा वर्षांपूर्वी भावोजी गेले, तेव्हा ती मला म्हणाली, "मी त्या दिवशी गप्प बसले असते तर ह्यांची शाळा सुटली नसती रे." आणि मी, नालायक माणूस, म्हणालो, "जाऊ दे ताई, झालं ते झालं."

ताई, तुझ्या बोलण्याने काही झालं नाही. तळ पत्र्याचा होता आणि तो मी लावला होता.

चार. त्या वर्षी होय जिंकलं. पण दर पाचांत एक बिल्ला नाहीचा निघाला आणि तो आकडा छापावा लागला. तोवर प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच आहोत. पुढचं सगळं एका दिवसात झालं नाही, आणि मला ते कामं आली तसं आठवतं. चार वर्षांनी पुन्हा पेट्या करायला सांगितलं, तेव्हा मी दोन्हींच्या तळाला जाड लोकरीचं कापड चिकटवलं, पदरचं. नवे साहेब म्हणाले, "हे कशाला?" मी म्हणालो, "बिल्ल्यांना पोचे पडू नयेत म्हणून." त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि बिल पास केलं. त्यानंतर बिल्ले गेले, कागद आले, दोनाची एक पेटी झाली आणि तिला दोन कुलपं, एक किल्ली सरकारची, एक विरोधकांची. मग बायकांना मत मिळालं. टेबलं पुरुषांच्या मापाची होती, म्हणून मी त्यांच्यापुढे उभं राहायला चौरंग ठेवले. पुढे मोजणी लोकांसमोर व्हायला लागली, त्यासाठी कडेला पट्टी असलेलं लांब टेबल केलं, चिठ्ठ्या खाली पडू नयेत म्हणून. मंडळाचे अध्यक्ष बसायचे तो लाकडी चौथरा कमरेइतका उंच होता. तो मला तीन वेळा बोलावून कापून घेतला, दर वेळी थोडाथोडाच. मी म्हणालो, "एकदम कापतो की!" तर कचेरीतले म्हणाले, "नको, अध्यक्षांना सवय व्हायला हवी." शेवटी सरकार हरलं. त्या संध्याकाळी आम्ही दारांना आतून कड्या लावून बसलो होतो. काही झालं नाही. जुने साहेब छत्री घेऊन चालत घरी गेले आणि सकाळी दूध वेळेवर आलं.

हे सगळं घडवणाऱ्यांत लोक माझंही नाव घेतात, सत्कार करतात. मी नंतर ते कापड चिकटवलं हे खरं आहे. पण खण्ण कोणी ऐकत नाही असं ज्यांना वाटलं त्यांनी पहिल्यांदा नाहीचा बिल्ला टाकला आणि त्याची किंमत त्यांनी भरली. सत्काराच्या शाली कोणाला हव्या असतील त्यांनी न्याव्यात, ऊब चांगली आहे.

पाच. बँकेत जे काही असेल ते मुलाला. तो म्हणतो, "बाबा, माझ्या एकट्याच्या मताने काय फरक पडतो?" आणि मतदानाच्या दिवशी सुट्टी म्हणून झोपून राहतो. पैसे मत दिलं तरच मिळतील, अशी अट घालावी असं फार मनात आलं. पण तशी अट घातली तर साहेबांत आणि माझ्यात फरक काय राहिला? बिनशर्त देतो. फक्त तुझ्या जन्माआधी दोन महिने तुझ्या बापाने काय केलं, ते वर वाचलंस. आता झोप लागते का बघ.

सहा. नाहीची ती पेटी मी भंगारातून सोडवून आणली होती, माळ्यावर आहे. ती भावोजींच्या शाळेला द्यावी. बिल्लाही आत आहे. मुलांनी टाकून आवाज ऐकावा.

सात. शोकसभा नको. घेतलीच तर "भाऊ असावा तर असा" हे वाक्य कोणीही उच्चारू नये.

आठ. मेल्यावर वाचायला ठेवलं तर हा आणखी एक पळपुटेपणा होईल. म्हणून सह्या होण्याआधी वकीलबाईंनी हे माझ्यादेखत ताईला वाचून दाखवावं. माझ्याच्याने ते वाचवणार नाही. तिने मला घराबाहेर काढलं तर तो तिचा हक्क आहे, घर तिचंच आहे.

सही
सुतार

साक्षीदार पहिला: सही, डॉक्टर.

साक्षीदार दुसरा: ~~बिजागरीवाला~~

वकिलाची नोंद: वरील मजकूर मी आज दुपारी लिहून देणाऱ्यांच्या थोरल्या बहिणीला वाचून दाखवला. मग त्यांनी, रंध्यावरचा हक्क सोडून सही करायला बसलेल्या बिजागरीवाल्याच्या हातातलं पेन मागून घेतलं. मी त्यांना स्पष्ट समजावलं की मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला त्यातलं काहीही मिळत नाही, सही केल्यास कलम दोन रद्द होईल आणि घर मुलाकडे जाईल. त्या म्हणाल्या, "लहान नाहीये मी, कळलं." पुढचा मजकूर त्यांच्या हातचा आहे.

साक्षीदार दुसरी: थोरली बहीण, वय ब्याऐंशी. घर मला नको, घराने हे फिटत नाही. मागच्या खोलीत मी राहतेच आहे, मला कोण बाहेर काढतो ते बघते. ह्याने लिहिलंय ते खरं आहे, ह्याला साक्षीदार मीच हवी, सगळं माझ्या अंगावरून गेलंय. हा आत्ता समोर बसून रडतोय. रडू दे. सत्तेचाळीस वर्षांचं माझं बोलायचं राहिलंय. आता मी बोलणार आहे आणि हा ऐकणार आहे, म्हणून वकीलबाई, डॉक्टर आणि बिजागरीवाले, तुम्ही तिघं आता निघा.

सही

ठिकाण: राहतं घर, कामाचं टेबल. वार गुरुवार, दुपारचे चार.