पिस्टनचा कागद

वेंगुर्ले, मंगळवार, ११ मार्च १९५८

वर्षभर मुंबई-कोल्हापूर पालथं घातलं, पण माझ्या जुन्या मोटरसायकलचा पिस्टन काही मिळाला नाही. शेवटी काल खाऱ्या बांगड्यांच्या टोपलीत लपवून गोव्याहून आणवला. हद्द बंद आहे, सापडलो तर सरळ तुरुंग. पिस्टन पोर्तुगीज वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता. तो कागद तेव्हाच चुलीत का नाही घातला मी?

आज दुपारी पिस्टन बसवला आणि बायकोला विचारलं, कागद कुठाय?

"त्यातच चार बांगडे बांधून शेजारी देवन इलंय. इतके आपणच कसे खावचे?"

शेजारी म्हणजे कस्टमचे इन्स्पेक्टर!

संध्याकाळी साहेब कुंपणाशी आले. "बांगडे झकास होते हो. गाडीचं कुठवर आलं? पिस्टन मिळाला?"

"नाही अजून," मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं. कागदाबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. पाहिला असेल? की वहिनींनीच चुलीत घातला?

गाडी आता तयार आहे. एक किक मारली की सुरू होईल, आणि कुंपणापलीकडे ऐकू जाईल.