कर्जाचा डबा

सोमवार, ता. ९

चि. भावजींस अनेक आशीर्वाद.

मायन्यातच दोन कागद वाया गेले. 'प्रिय' लिहिलं, ते खोटं वाटलं. 'श्री.' लिहिलं, ते वकिलाच्या नोटिशीसारखं दिसलं. शेवटी वयाने मोठी आहे म्हणून आशीर्वाद लिहून मोकळी झाले. कागद अगदीच फुकट गेले नाहीत, त्यांची पाठकोरी बाजू बेरजांना ठेवली आहे.

तुमचं पत्र शनिवारी पोचलं. इकडे सर्व ठीक. तुमच्या दादांची नोकरी चालू आहे, गुडघे कुरकुरतात. मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि माझ्यासारखीच फटकळ झाली आहे, असं ज्याला त्याला वाटतं. आईंचं पुढे लिहिते.

पत्र मी दारातच उभ्याने वाचलं. मग आत येऊन बसले आणि पुन्हा वाचलं. तुम्ही लिहिलंय, "वहिनी, नऊ वर्षं तुम्ही एक शब्द न बोलता माझं घर सांभाळलंत. बाबांचं कर्ज फेडता फेडता माझ्यासाठी दर महिन्याला वेगळे काढलेत. आता मुलगा कमावता झालाय, पुढच्या महिन्यापासून पाठवू नका."

भावजी, हे पत्र चुकीच्या बाईला आलं आहे.

मी तुम्हाला कधीही पैसे पाठवले नाहीत. मला तुमचा पत्तासुद्धा ठाऊक नव्हता. तुमच्या पाठीला काय झालं, तुम्ही आता शिडीवर चढू शकत नाही, बसून दुकानांच्या पाट्या रंगवता, यातलं अक्षरही मागच्या मंगळवारपर्यंत माझ्या कानावर नव्हतं. मंगळवारी काय झालं ते लिहिते. वाचताना मध्ये थांबू नका. मी लिहिताना थांबले तर हे पत्र पुरं होणार नाही.

आई गेल्या पंधरवड्यात मोरीत घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात ठेवलंय, शुद्धीवर आहेत, नर्सच्या वेणीपासून शेजारणीच्या जावयापर्यंत सगळ्यांवर टीका चालू आहे, म्हणजे डोकं शाबूत आहे. पण पहिली तारीख उलटली तशी त्यांची चुळबुळ सुरू झाली. "रंगवाल्याच्या कर्जाचे पैसे मीच नेईन. बरी झाले की नेईन. तू जाऊ नकोस." मी म्हटलं, "आई, एक दिवस उशीर झाला तर तो माणूस चारचौघांत अब्रू काढेल." तर म्हणाल्या, "काढू दे. तू जाऊ नकोस."

मी गेले. इतकी वर्षं आपली भेट नसली तरी एवढं ओळखत असालच.

तुम्हाला आमच्या घराची पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पगार आला की मी तो स्वयंपाकघरातल्या फळीवर पाच डब्यांत वाटते. किराणा, दूध, वीज, शिक्षण आणि कर्ज. कर्जाचा डबा पहिला भरायचा, बाकीच्यांनी उरल्यात भागवायचं. अंगाच्या साबणाची वडी मी सुरीने अर्धी करते. वर्तमानपत्र शेजाऱ्यांचं, तेही दुपारनंतरचं. मुलीच्या चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधून तिने दहावी काढली. तुमच्या दादांचे खालचे दात गेले, ते बसवायचे 'कर्ज फिटलं की'. या घरात सगळंच 'कर्ज फिटलं की' होतं. मुलगी लहानपणी विचारायची, "आई, कर्ज फिटलं की सुट्टी असते का गं?"

शाळेच्या कामाला तुम्ही मामंजींच्या शब्दावर उधार रंग उचललात आणि काम टाकून गेलात, त्याचं हे कर्ज. त्या डब्यातले पैसे आई दर महिन्याला रंगवाल्याकडे नेऊन द्यायच्या. मला जाऊ द्यायच्या नाहीत. "शब्द माझ्या नवऱ्याने दिला होता, फेडायला मीच जाणार." पावती मागा म्हटलं तर, "शब्दावरच्या व्यवहारात पावती मागायची नसते." आणि परत आल्या की खुर्चीत टेकून त्या माणसाचा उद्धार. "आज मेल्याने सगळ्या गिऱ्हाइकांसमोर नोटा मोजल्या." "आज साधं पाणी विचारलं नाही." "व्याज चढतंय म्हणाला, म्हातारे." ऐकून माझं डोकं सणकायचं. मी त्या व्याजाचा हिशेब अगदी चोख ठेवला होता, भावजी. फक्त त्या हिशेबाला पाय नव्हते.

मंगळवारी दुकानात शिरले तेव्हा बोलायचं सगळं पाठ केलं होतं. रंगवाले खुर्चीवर उभे राहून वरच्या फळीवरचे डबे पुसत होते. मी पाकीट गल्ल्यावर ठेवलं आणि म्हटलं, "सासूबाई आजारी आहेत. यापुढे मी येईन आणि मला प्रत्येक वेळी पावती लागेल."

ते खाली उतरले. फडका खांद्यावर टाकला. "कसले पैसे, ताई?"

"मामंजींच्या कर्जाचे."

"ते तर तुमचे मामंजी गेले त्याच वर्षी फिटलं." ते अगदी हळू बोलत होते, जणू माझ्या डोक्यावर परिणाम झालाय आणि मोठ्याने बोललं तर मी बिथरेन. "कारखान्याकडून त्यांच्या फंडाची रक्कम आली ना, ती घेऊन आजी दुसऱ्याच दिवशी आल्या. मी थोडी सूट देत होतो, तीसुद्धा घेतली नाही."

ती रक्कम दवाखान्याच्या बिलांत गेली, असं मला सांगितलं होतं.

"मग दर महिन्याला आई तुमच्याकडे येतात त्या कशाला?"

"येतात की. या स्टुलावर बसतात, पाणी पितात, चार गप्पा मारतात. बस आली की जातात. बसथांबा समोरच आहे ना."

टर्पेंटाइनचा वास एकाएकी डोक्यात गेला. मी त्याच स्टुलावर बसले. त्यांनी पाणी आणून दिलं. पाणी विचारत नाही म्हणून ज्याला मी नऊ वर्षं शिव्या घातल्या, त्या माणसाने! पेला परत घेताना बिचकत म्हणाले, "ताई, आज आलाच आहात तर एक विचारू? माझं काय चुकलं? तुम्ही मला बघून रस्ता बदलता. माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका परत पाठवलीत, वर चिठ्ठी, की आमच्याकडे भेट द्यायला पैसे का नाहीत ते तुम्हीच जाणता. मी आणि माझी बायको आजवर विचार करतोय."

मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. पाकीट उचलून थेट दवाखान्यात गेले एवढं आठवतं. वाटेत चपलेचा अंगठा तुटला आणि ते मला तिथे पोचल्यावर कळलं.

आईंनी माझ्या हातातलं पाकीट पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

"झोपेचं सोंग नको," मी म्हटलं. "पैसे कुठे जात होते?"

"ओरडू नकोस. माझं हाड मोडलंय." मग एक डोळा उघडून म्हणाल्या, "धाकट्याकडे. बसने जाऊन त्याच्या हातात देऊन यायची."

मग त्यांनी सांगितलं. तुम्ही शाळेच्या रंगाचं काम अर्धवट टाकून पळाला नव्हता, तर मजुरांना द्यायला पैसे कमी पडले म्हणून परगावी चार दिवसांच्या कामावर गेला होता आणि तिथे परांचीची फळी निसटून खाली आलात. मामंजी गेले तेव्हा तुम्ही कमरेपर्यंत प्लास्टरमध्ये होता. तुमचं कार्ड त्यानंतर आठ दिवसांनी आईंच्या हाती पडलं.

"मला का नाही सांगितलंत?"

"तूच म्हणाली होतीस, त्याचं नाव या घरात काढायचं नाही. नाही काढलं."

"निदान ह्यांना तरी!"

"त्याच्या पोटात काही राहतं का? संध्याकाळपर्यंत तुला कळलं असतं."

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. मामंजींना पोचवून आले त्या संध्याकाळी पुढच्या खोलीत सगळे बसले होते, आणि मी उभी राहून म्हणाले, "आजपासून मला दीर नाही. त्यांचं नाव या घरात निघणार नाही आणि या घरचा पैसा त्यांच्या दारात जाणार नाही." तुमचे दादा खाली बघत राहिले. आई बघत होत्या माझ्याकडे. तेव्हा वाटलं, दुःखाने बघतायत. आता कळतंय, त्या तेव्हाच बेत करत असणार. तुमचं कार्ड आल्यावर त्यांना एवढंच उमगलं, की ही बाई माणसासाठी पैसा काढणार नाही, पण कर्जासाठी पोटाला चिमटा काढून काढेल. म्हणून त्यांनी तुमचं कर्ज करून टाकलं.

आणि तुम्हाला सांगितलं की वहिनी देते, फक्त रागीट आहे, समोर येऊ नकोस. दोन्हीकडे एकच म्हातारी, दोन्हीकडे निराळी गोष्ट, आणि कुठे गुंता नाही. मी बी.ए. झाले त्याचा काय उपयोग?

तुमच्या दादांना घरी येऊन सांगितलं. त्यांनी जिभेने खालच्या हिरड्या चाचपल्या. मग म्हणाले, "म्हणजे माझे दात धाकट्याकडे गेले म्हण की," आणि हसायला लागले. हसता हसता चष्मा काढून ठेवला, आणि मग ते हसत नव्हते. मी स्वयंपाकघरात गेले. दुसरं काही सुचेना म्हणून नवी साबणाची वडी काढून अर्धी केली. केल्यावर लक्षात आलं, आता कशासाठी करतेय मी ही?

त्यात शनिवारी तुमचं पत्र. पाकिटावरचं अक्षर बघून मी फळीवरच्या डब्यांवर रंगवलेल्या नावांकडे बघितलं. तेच अक्षर. आई म्हणाल्या होत्या, बाजारात एक पाटीवाला स्वस्तात करून देतो. या घरात एका गोष्टीचा मला तोरा होता, आल्यागेल्याला दाखवायचे, ते हे पाच डबे. तुम्ही लिहिलंय की पाचव्या डब्यावर 'कर्ज' रंगवताना हात जड झाला होता, कारण ते कर्ज फेडण्यात तुमचा वाटा नाही. भावजी, त्याच डब्यातून पैसे निघून तुमच्याकडे येत होते. मला अजून हे नीट पचत नाही. रविवारी आमटीत मी दोनदा मीठ घातलं आणि कोणी काही बोललं नाही, हे त्याहून भयंकर.

तुमचं पत्र मी आईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आता मुकाट बस. त्याला वाटतंय ना तू दिलेस, वाटू दे. तुला फुकटचं कधी नको झालंय?"

फुकटचं मी घेते. रिकाम्या बाटल्या घेते, दुकानातली खोकी घेते, शिळं वर्तमानपत्र घेते. हे घेणार नाही.

"मग तो यायचा नाही," आई म्हणाल्या. "तू इतकी वर्षं त्याला धरून होतीस असं वाटतंय तोवर तो एका हाकेत येईल. खरं सांगितलंस तर त्याचा पाय या घराकडे वळेल का?" एवढं बोलून त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. नर्सला वाटलं कळ आली.

ऑपरेशन गुरुवारी आहे. रक्तदाब आटोक्यात येईना म्हणून थांबले होते. डॉक्टर म्हणाले, वय आहे, हृदय अशक्त आहे, जवळच्या माणसांना कळवून ठेवा. मी विचारलं, "कळवून ठेवा म्हणजे?" त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "बोलावून घ्या."

आईंचं म्हणणं खरं असेल. खोटं लिहिलं असतं तर तुम्ही पत्र मिळताच निघाला असता. तरी खरं लिहिलं. तुम्ही आलात आणि दारात वाकून माझे आभार मानलेत तर मला ते सोसायचं नाही. तुमच्या आईला धाकटा मुलगा बघायचा आहे आणि तुमच्या दादांना भाऊ. मला काय हवंय ते विचारण्याचा हक्क तुमचा आहे, सांगण्याचा माझा नाही.

कर्जाचा डबा सध्या फळीवर रिकामा आहे. तुमचे दादा म्हणतात, त्यावर 'दात' लिहून घे. मुलगी म्हणते, 'सुट्टी'. मी काही ठरवलेलं नाही. ब्रश आणलात तर बघू.

सोबत या महिन्याचे पैसे पाठवते आहे. नको म्हणालात, वाचलं मी. पण आजवरचे आईंनी दिले. कोणाच्या हातात जाणार हे ठाऊक असून मी दिलेले हे पहिलेच आहेत, तेव्हा परत करू नका. वेगळ्या घडीत बसभाडं आहे. एका बाजूचंच ठेवलं आहे, येण्याचं.

तुमची,
वहिनी